आत कोण राहिलं?

आजी : पण उठलीस ना? तेवढं सांग आधी.

नात : उठले गं.

आजी : खुर्ची मागे ढकलून? आवाज करून?

नात : एवढा आवाज केला की फळ्यापाशी बसलेले सर दचकले.

आजी : झालं तर मग! माझी नात शोभतेस. मग काल आल्यापासून तोंड का पाडून बसलीयस? सूनबाई, ते टोक धर. पडदा जमिनीला लागतोय.

सून : धरलंय.

आजी : धरलंय म्हणे. लक्ष कुठे असतं गं तुझं? आज सकाळी हॉटेलात छत्री विसरून आलीस. बाहेर रखरखीत ऊन, आणि या बाई छत्री घेऊन निघतात. बरं, घेतली तर घेतली, तिथेच ठेवून येतात. ह्यांच्यावर गेलीस अगदी. सून असून सासऱ्यावर गेलेली मी तुझ्यात पहिल्यांदा पाहिली.

सून : राहिली खरी. आणीन जाऊन.

आजी : आणि फोन वाजला का त्या मॅनेजरचा? अख्ख्या मजल्याचे पडदे शिवून द्यायचे, आणि भाव सांगतो मच्छरदाणीचा! उठले मी. दारातून बाहेर पडेपर्यंत त्याचं तोंड उघडंच होतं. संध्याकाळच्या आत फोन करतो की नाही बघ.

नात : आजी, मी उठले आणि त्यामुळे नापास होणार आहे. ऐकतेयस का तू?

आजी : नापास? ताठ मानेनं उठलीस म्हणून? कसलं कॉलेज म्हणायचं ते? एवढी फी घेतात, एवढी जाड जाड पुस्तकं वाचायला लावतात, देशादेशांचे संबंध शिकवतो म्हणतात, आणि मानी मुलीला नापास करतात?

नात : तू बस जरा. पडदा ठेव खाली. पहिल्यापासून सांगते.

आजी : पडदा खाली ठेवत नसतात. चुणी मोडते. तू बोल, माझे कान मोकळे आहेत.

नात : आमच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी एक लुटुपुटीची परिषद असते. आम्ही प्रत्येक जण एकेका देशाचे प्रतिनिधी व्हायचं, टेबलाभोवती बसायचं आणि करार करायचा.

आजी : म्हणजे भातुकली.

नात : मोठ्यांची भातुकली. मार्क मात्र खरे. आमच्या टेबलावर तीन देश होते, एकाच नदीवरचे. वरच्या देशात धरण. मधल्या देशात शेतं. आणि अगदी खाली, नदी समुद्राला मिळते तिथे, मी.

आजी : तूच का खाली?

नात : चिठ्ठी निघाली तशी.

आजी : चिठ्ठी नीट हलवली नसेल. बरं, पुढे.

नात : उन्हाळ्यात धरणातून पाणी किती सोडायचं, ते ठरवायचं होतं. वरच्या देशाचा प्रतिनिधी म्हणजे आमच्या वर्गातला टायवाला. अंघोळीलाही टाय लावून जात असेल असा मुलगा. तो म्हणाला, खालच्या देशाला उरेल ते देऊ.

आजी : उरेल ते? तुला काय भांडी घासायला बोलावलं होतं?

नात : मलाही तसंच वाटलं. मी आकडा सांगितला. तो हसला. मग मी तू करतेस तेच केलं. फाइल मिटली, खुर्ची ढकलली, उठले, चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही.

आजी : शाबास. मागे बघितलं की संपलं.

नात : अगं, लहानपणापासून तुझं बोट धरून ठोक बाजारात आलेय मी. तू कापडाचा ताका हातात घ्यायचीस, भाव सांगायचीस, व्यापारी मान हलवायचा, तू ताका खाली टाकून चालू पडायचीस. आणि कोपऱ्यावर पोचायच्या आत कोणीतरी धापा टाकत यायचं. ‘बाई, या, बसा, रागावता काय!’ दर वेळी. एकदाही चुकलं नाही. पुस्तकात एवढं ठाम काही शिकले नाही मी.

आजी : पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कधी पडद्याचं कापड घेतलंय? मग? आलं ना कोणी धावत?

नात : कॉरिडॉरच्या टोकाला पिण्याच्या पाण्याचं मशीन आहे. तिथपर्यंत गेले. थांबले. पाणी प्यायले. परत प्यायले. तिसऱ्यांदा प्यायले तरी दार उघडेना.

आजी : चुकीच्या दाराकडे बघत नव्हतीस ना?

नात : शेवटी उघडलं. एक जण बाहेर आली. मधल्या देशाची. चष्मिश, वर्गात फार बोलत नाही. मला वाटलं, आली बोलवायला. मी लगेच मान फिरवली, तू शिकवलंयस तशी. तर ती म्हणाली, ‘मार्कर तुझ्या हातात राहिलाय. तो दे.’

सून : मार्कर?

नात : फळ्यावर लिहायचा. रागात हातातच घेऊन आले होते.

आजी : आणि तू दिलास?

नात : दिला. ती तिथेच उभी. म्हणाली, ‘अजून काही?’ मी म्हटलं, ‘अजून काय, माझी खुर्चीही घेऊन जा.’

आजी : बरं बोललीस! असं तोंडावर मारता आलं पाहिजे.

नात : गेली ती. आणि आत दोघांनी सह्या करून टाकल्या. पाणी वरचा आणि मधला वाटून घेणार, खालच्याला उरेल ते. माझ्या देशातली माणसं उन्हाळाभर तहानलेली, आणि त्यांची प्रतिनिधी मशीनपाशी उभी राहून गार पाणी ढोसतेय!

सून : इकडे ये. नाक पूस. त्या पडद्याला नको, हा घे रुमाल.

आजी : एवढं काय मनाला लावून घ्यायचं? खोटी नदी, खोटा देश. कोण मेलं तिथे तहानेनं?

नात : नोकरी खरी आहे ना गं! परराष्ट्र खात्यात शिकाऊ म्हणून घेतात, त्याला आमच्या सरांची शिफारस लागते. सर स्वतः राजदूत होते, आता निवृत्त झाले म्हणून शिकवतात. त्यांनी शिफारस केली तर मुलाखत, नाहीतर दारसुद्धा उघडत नाही. आणि त्यांनी माझे मार्क अडवून ठेवलेत. उद्या शेवटची बैठक आहे, प्रत्येक देशाला एकदा बोलायला मिळणार. त्यानंतर ठरवणार म्हणाले.

आजी : ते काय बोलले तुला? रागावले?

नात : रागावले असते तर बरं झालं असतं. मी मशीनपाशी होते तिथे स्वतः आले. पेलाभर पाणी घेतलं. म्हणाले, ‘उठलात ते ठीक. मीही उठलोय. पण आत तुमचं कोण राहिलं होतं?’ आणि निघून गेले. रात्रभर डोकं फोडतेय, अर्थच लागत नाही.

आजी : अर्थ असेल तर लागेल ना. उठायचं म्हणजे उठायचं. आत कोण राहायचं? मी एवढी वर्षं उठतेय, माझ्या मागे कधी कोणी राहिलंय?

सून : मामंजी.

आजी : काय?

सून : काही नाही. घडी उलटी पडली वाटतं.

आजी : घडी सुलटी आहे. काय म्हणालीस?

सून : मामंजी राहायचे म्हटलं. मागे. आत.

आजी : हे? काहीतरीच. हे माझ्या मागोमाग निघायचे.

सून : किती मागोमाग?

आजी : निघायचे जरा वेळानं. चप्पल सापडायची नाही ह्यांना. नाहीतर अर्ध्या रस्त्यात आठवायचं की छत्री तिथेच राहिली, मग परत जायचे. असला वेंधळा माणूस! मी कोपऱ्यावर उभी राहून कातावायचे. तेवढ्यात व्यापाऱ्याचा माणूस धावत यायचा, म्हणून बरं.

नात : आजी, छत्री? भर उन्हाळ्यात?

आजी : ऊन सोसायचं नाही ह्यांना.

नात : मग उघडायचे का ती? उन्हात चालताना? मी तर कधी उघडलेली पाहिली नाही.

आजी : आता ते… काखेत असायची. उघडत असतील. मी काय ह्यांच्या छत्रीकडे बघत चालायचे?

सून : उघडत नाही ती. दोन काड्या मोडल्यात. मी नव्यानं आले तेव्हा दुरुस्तीला टाकायला निघाले होते, तर मामंजींनी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाले, असू दे, ती अशीच कामाची आहे.

आजी : सूनबाई, सरळ सांग. कोड्यात बोलू नकोस. माझ्या डोक्याचा पारा चढायला लागलाय.

सून : ते मुद्दाम विसरायचे.

आजी : कोण म्हणतं?

सून : ते स्वतः. शेवटच्या आजारपणात मला सांगितलं. तुम्ही उठून गेलात की ते छत्रीच्या निमित्तानं परत आत जायचे. बसायचे. व्यापाऱ्याला चहा मागवायला लावायचे. मग म्हणायचे, ‘बाई रागावल्या. माल आवडलाय हो त्यांना, मला कळतं. आता मी घरी कोणत्या तोंडानं जाऊ?’ तो व्यापारीही संसारी माणूस. त्याला दया यायची. भाव खाली यायचा, आणि तुम्हाला बोलवायला माणूस धावायचा.

आजी : म्हणजे… ती माणसं धावत यायची ती…

सून : मामंजी पाठवायचे.

आजी : माझ्या नावावर! मला कजाग ठरवून! आणि मी आपली कोपऱ्यावर उभी, मोठी जिंकले म्हणून! नाटकातली बाहुली केली माझी! एवढी वर्षं, आणि एक शब्द नाही?

सून : मी म्हटलं होतं त्यांना, सासूबाईंना सांगून टाका. तर नको म्हणाले. म्हणाले, ‘तिला कळलं तर ती अर्ध्या मनानं उठेल. अर्ध्या मनानं उठलेलं माणूस व्यापारी दारातच ओळखतो.’

आजी : असं म्हणाले?

सून : असंच. ‘ती पेटून उठते म्हणून तर मला आत बसून काही बोलता येतं’ म्हणाले. ‘मी एकटा गेलो तर लोक मला चहा पाजतील आणि दुप्पट भाव लावतील.’

नात : हे खरं आहे, आजी. आजोबांना कोणीही काहीही विकायचं. तो डुगडुगणारा पंखा आठवतो?

आजी : तू मध्ये बोलू नकोस… डुगडुगणारा पंखा आठवतो मला… थांब. थांब सूनबाई. ह्यांना जाऊन वर्ष झालं. मग हे वर्षभर ती मोडकी छत्री काखेत मारून तू का हिंडतेस?

सून : त्यांनीच दिली. म्हणाले, ‘आता तू विसरत जा.’

नात : आजी?

आजी : काही नाही. या कापडाची धूळ फार. नाकात जाते… वर्षभर मी तुला वेंधळी म्हणतेय.

सून : म्हणा की. त्यांनाही म्हणायचात.

आजी : तोंड नव्हतं का तुला? आणि आज? हॉटेलात माझ्या मागे काय बोललीस?

सून : फार काही नाही. म्हटलं, सासूबाई चिडल्या की घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही.

आजी : खोटारडी! मी अर्ध्या दिवसाच्या वर कधी फुगलेय?

सून : मी दोनच दिवस म्हटलं. आठवडा त्यानं स्वतःहून केला. त्याच्याही घरी सासू आहे.

नात : आई! तू राजदूत आहेस आई! आमच्याकडे याला मागचं दार म्हणतात. पुढच्या दारानं एक जण रागावून जातो आणि मागच्या दारानं दुसरा…

आजी : दारं मोज तू बसून. तुझ्या आईनं आत्ता काय सांगितलं आणि त्यातलं तुझं काय सुटलं, ते बघ. तुझ्या सरांना हेच विचारायचं होतं ना? आत कोण होतं? कोणी नव्हतं. तू एकटीच उठलीस, एकटीच गेलीस. मला बोलवायला माणसं यायची, कारण आत हे होते. तुला कोण येणार होतं?

नात : कोणीच नव्हतं. ती एक आली तीसुद्धा मार्कर… आई.

सून : काय गं?

नात : वर्गात मार्करचा डबा होता. टेबलावरच. भरलेला.

सून : बरं?

नात : मग तिला माझ्या हातातलाच कशाला हवा होता?

आजी : अगं बाई. छत्री!

नात : ‘अजून काही?’ म्हणाली गं ती मला. चांगली उभी राहिली होती. आणि मी…

आजी : आणि तू तिला खुर्ची उचलून न्यायला सांगितलीस! असं कोणी बोलतं? घरचं माणूस दारात आलंय, आणि ही बया तोंड फिरवते!

नात : आत्ता मघाशी तूच म्हणालीस, बरं बोललीस!

आजी : ते मघाशी. मघाशी मला तरी काय माहीत होतं! लाव फोन तिला.

नात : काय बोलू?

आजी : ते मला विचारू नकोस. मला उठता येतं तेवढं. परत बसायचं कसं ते तुझ्या आईला विचार.

सून : सरळ विचार, मार्कर चालतोय का.

नात : हं… रिंग जातेय. हॅलो? हो, मीच… नाही, रागावलेले नाही. म्हणजे होते. अगं, मार्कर चालतोय का, म्हणून फोन केला… हसू नकोस ना… हो, कळलं. आत्ता कळलं…

आजी : सॉरी म्हणू नकोस लगेच. भाव पडतो.

सून : म्हणू दे.

नात : सॉरी. खुर्चीचं बोलले त्याबद्दल… काय? कुठे?… शेवटच्या पानावर? त्यानं वाचलं नाही?… भूक लागली होती म्हणून?… नाही नाही, थांब, मला समजू दे. म्हणजे जागा अजून उघडी आहे? उद्यापर्यंत?… आणि तुला काय हवंय त्याच्या बदल्यात?… बंदर. हं… हं… तेवढं देता येईल. सगळं नाही, पण माल चढवायला धक्का एक देता येईल… लायब्ररीत? येते. आत्ता निघते… आणि ऐक. थँक्यू गं.

आजी : काय झालं? काय झालं? बंदर कुठून आलं मध्येच?

नात : आजी, तिनं करारात एक ओळ घालून ठेवलीय! खालच्या देशाला उद्याच्या बैठकीपर्यंत सामील होता येईल आणि तेव्हा पाण्याची वाटणी पुन्हा ठरेल. टायवाल्याला जेवायची घाई होती, त्यानं न वाचता सही केली.

सून : आणि बंदर?

नात : मधल्या देशाला समुद्र नाही. तिचं धान्य बाहेर जायचं तर माझ्याच बंदरातून जाणार. मी टेबलावर नसले तर तिचा माल कुजणार. म्हणजे ती माझ्यासाठी नव्हतीच आली, आजी. स्वतःच्या धान्यासाठी आली होती.

आजी : मग तर फारच उत्तम. फुकट मदतीला येणाऱ्या माणसाची मला आधीपासून धास्ती वाटते. हिचं काय अडलंय ते कळलं, आता हिच्याशी बोलता येईल.

नात : सर वर्गात हेच सांगतात, पण चार व्याख्यानं घेतात त्याला.

आजी : चल, ऊठ. केस विंचर. असं डोकं घेऊन बंदर द्यायला जाऊ नकोस.

सून : दुकानातला फोन वाजतोय.

आजी : तू घे. नको, मी… नको, तूच घे.

सून : हॅलो… हो, बोला… हो का? तिथेच राहिली का? बघा ना, माझं लक्षच नसतं… अजून रागातच आहेत हो. घडी घालताहेत, पण काय आपटून घालताहेत म्हणून सांगू…

आजी : मी कुठे आपटतेय?

सून : ऐकू आलं ना?… बरं, तेवढ्या भावाला मी विचारून बघते, पण शिलाई वेगळी धरा… हो, येते मी छत्री न्यायला. ठेवते.

आजी : आला ना फोन? संध्याकाळच्या आत! मी म्हटलंच होतं.

सून : म्हटलंच होतं तुम्ही.

आजी : जा मग. छत्री घेऊन ये.

सून : तुम्ही नाही येत?

आजी : मी कशाला? मी उठून आलेय ना तिथून? मी घरीच फुगून बसते. तेवढं मला नीट जमतं.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं. हॉटेलच्या पडद्यांचं कापड येऊन पडलं आहे.)

आजी : मघापासून बघतेय. खरंच उघडत नाही गं ही.

सून : जोर लावू नका, तिसरी काडीही जाईल. पाहिजे तर दुरुस्तीला टाकते.

आजी : मुळीच नाही. चांगली छत्री लोक ठेवून घेतात. मोडकी असली की लगेच फोन करून परत न्यायला सांगतात. ह्यांना बरं सुचलं म्हणायचं… माझ्याशेजारी उभे राहून मुकाट बोलणी खायचे. ‘कुठे विसरलात?’ म्हटलं की मान खाली. एवढं तोंडसुख घेतलं मी त्या छत्रीवरून, तोंडावर कधी हसू नाही दिसलं.

सून : माझ्यासमोर हसायचे.

आजी : तुझ्यासमोर हसायचे का? चांगलं आहे. आली बघ तुझी लेक. शटर वर कर, वाकून येतेय. ऊन डोक्यात गेलंय का गं? पाणी पी. काय झालं?

नात : पाणी नको. पाण्याचीच कामं करून आलेय. झाला करार!

आजी : बसूनच ना?

नात : बसून. टायवाला दोनदा हसला, दोनदा माझा हात खुर्ची ढकलायला गेला, दोन्ही वेळा चष्मिशनं टेबलाखालून पाय मारला. उन्हाळ्यात ठरलेलं पाणी खाली येणार. तिला बंदरातला एक धक्का दिला. टायवाल्याला काय मिळालं ते त्यालाही नीट कळलं नाही, पण शेवटी टाळ्या त्यानंच जास्त वाजवल्या.

सून : आणि सर?

नात : पास केलं.

आजी : आणि शिफारस?

नात : बैठकीनंतर त्यांच्या खोलीत बोलावलं. म्हणाले, ‘आज आत कोण होतं ते दिसलं मला.’ मी म्हटलं, परवा पण होतं सर, मलाच ओळखता आलं नाही. तर हसले. मग म्हणाले, ‘पण तुम्ही एकदा उठलात. खऱ्या टेबलावरून पुन्हा उठणार नाही कशावरून? शिफारसीचा मी विचार करतो.’

आजी : विचार करतो? पाणी आणून दिलं, बंदर दिलं, आणि हा विचार करतो? मग तू काय म्हणालीस? ऐकून घेतलंस?

नात : ऐकून घेतलं.

आजी : एवढं सगळं झाल्यावर? काही बोलली नाहीस?

नात : बरं म्हटलं. नमस्कार केला. खुर्ची हळूच सरकवली आणि निघाले.

आजी : मागे बघितलंस?

नात : नाही.

आजी : हं… आणि तुझा तो निळा स्कार्फ कुठे? सकाळी गळ्यात होता.

नात : अरेच्चा. सरांच्या खोलीत, खुर्चीवर राहिला वाटतं. उद्या जाऊन आणावा लागणार.

आजी : वेंधळी कुठली. अगदी आजोबांवर गेलीस.